आईचे सोडियम ११७

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात माझ्या आईच्या गळ्यातील गाठ थायरॉइडच्या कर्करोगाची निघाली. तिचे वय तेव्हा ६६ होते. कर्करोगाचा प्रकार पॅपिलरी, म्हणजे थायरॉइडच्या कर्करोगांत सर्वाधिक आढळणारा आणि उपचारांना बहुधा चांगली दाद देणारा. शस्त्रक्रियेत संपूर्ण ग्रंथी काढली गेली, मानेतील काही लसीका ग्रंथींमध्येही कर्कपेशी सापडल्या, आणि त्यामुळे पुढची पायरी किरणोत्सारी आयोडीनची ठरली. कर्करोगाच्या बाजूने पुढे सगळे सुरळीत झाले, म्हणून त्याविषयी मी थोडक्यातच लिहिणार आहे. आमच्या तोंडचे पाणी पळाले ते रक्तातील सोडियममुळे, आणि तसे काही होऊ शकते याची कल्पना आम्हाला आधी कोणीही दिलेली नव्हती.

या उपचारामागचे तत्त्व साधे आहे. शरीरात आयोडीन साठवून ठेवणारा मुख्य अवयव म्हणजे थायरॉइड. आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी समस्थानिक पोटात गेले की ते शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या थायरॉइडच्या पेशींमध्ये जाऊन बसते आणि त्यातून निघणारे बीटा कण फार तर मिलिमीटर-दोन मिलिमीटर अंतरावरच्या पेशी मारतात. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे असते. अमेरिकेत १९४० च्या दशकात सुरू झालेला हा उपचार मुंबईला नवा नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला १९६३ पासून आहे, आणि देशभरातील रुग्णालयांना हे आयोडीन पुरवणारी अणुऊर्जा विभागाची संस्थाही नवी मुंबईत वाशीला आहे. आम्ही मात्र घराजवळच्या एका खासगी रुग्णालयात गेलो होतो.

उपचारापूर्वी रुग्णाची दोन प्रकारची तयारी करून घेतात. पहिली म्हणजे टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, वाढवणे. हे संप्रेरक वाढले की थायरॉइडच्या पेशी आयोडीन अधिक जोमाने खेचून घेतात, म्हणून ते साधारणपणे ३० च्या वर न्यावे लागते. त्यासाठी टीएसएचची तयार इंजेक्शने मिळतात, परंतु ती इतकी महाग आहेत की आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दुसराच मार्ग धरतात: थायरॉइडच्या संप्रेरकाची भरपाई करणारी थायरॉक्सिनची गोळी तीन ते चार आठवडे द्यायचीच नाही. आईलाही शस्त्रक्रियेनंतर ती गोळी सुरू केली नव्हती. चौथ्या आठवड्यात तिचा टीएसएच ९० च्या पुढे गेला. चेहरा सुजला, आवाज जड झाला, जिना चढताना ती मध्येच थांबू लागली आणि दुपारी दोन-दोन तास झोपू लागली. हे सारे अपेक्षितच आहे, असे आम्हाला सांगण्यात आले होते आणि ते खरेही होते. पुढे नेमके याच ‘अपेक्षित’ने आम्हाला फसवले.

दुसरी तयारी आहाराची. किरणोत्सारी आयोडीन घेण्यापूर्वी दोन आठवडे अन्नातून आयोडीन शक्य तितके कमी करायचे असते, म्हणजे पेशी आयोडीनसाठी आसुसलेल्या राहतात. रुग्णालयाने दिलेल्या कागदावर दूध, दही, अंड्याचा बलक, मासे, बेकरीचे पदार्थ, बाजारचे पापड-लोणचे आणि आयोडीनयुक्त मीठ असे सगळे ‘टाळावे’ या मथळ्याखाली एकाच ओळीत होते. आता, आपल्या देशात आयोडीन नसलेले मीठ शोधणे हे एक काम आहे. गलगंड आणि मुलांची खुंटलेली वाढ रोखण्यासाठी १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, आणि २००६ पासून खाण्याच्या मिठात आयोडीन असणे पुन्हा कायद्याने सक्तीचे झाले आहे. त्या धोरणाने लाखो मुलांचे भले केले, त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. परंतु परिणाम असा की वाण्याकडे मीठ मागितले तर आयोडीनचेच हाती पडते. आई मूळची पेणची. तिच्या भावाने तिकडच्या मिठागराचे खडे मीठ पाठवण्याची तयारी दाखवली, परंतु त्यात आयोडीन किती हे कळायला मार्ग नव्हता. आहारतज्ज्ञ बाईंनी उपासाचे शेंदेलोण चालेल असे सांगितले, मात्र पाकीट वाचून घ्या, कारण काही कंपन्या त्यातही आयोडीन घालतात, असेही बजावले. मी तीन दुकाने फिरून एक पाकीट आणले आणि ओट्यावर ठेवले.

ते पाकीट आईने फोडलेच नाही. ती म्हणाली, “कशाला त्या भानगडी? पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, अळणीच खाईन मी. नाहीतरी बीपीवाल्यांनी मीठ कमीच खायचं असतं.” उपासतापासांत मुरलेल्या बाईचे हे बोलणे आम्हाला कौतुकाचे वाटले. तिने पंधरा दिवस मऊ भात, अळणी मुगाचे वरण, उकडलेला दुधी, सफरचंद आणि कोरा चहा एवढ्यावर काढले. दूध-दही आणि अंडी गेली तशी प्रथिनेही गेली. कागदात मीठ सोडा असे म्हटलेले नव्हते, पण मीठ खा असेही म्हटलेले नव्हते, आणि ‘टाळावे’च्या यादीत ‘मीठ’ हा शब्द दिसल्यावर माणूस त्याच्या आधीचे विशेषण गाळून वाचतो हे मला आता कळते.

दाखल झाल्याच्या दिवशी रक्त तपासले. त्यात टीएसएच, थायरोग्लोब्युलिन, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन होते, सोडियम नव्हते. दुपारी १०० मिलिक्युरीची कॅप्सूल शिशाच्या जाड डबीतून बाहेर निघाली आणि आईने ती पाण्याबरोबर गिळली. त्या कॅप्सूलमध्ये जे रसायन असते त्याचे नाव सोडियम आयोडाइड. गंमत पाहा, थायरॉइडच्या पेशीचे जे दार आयोडीनला आत घेते, ते प्रत्येक आयोडीनमागे सोडियमचे दोन आयन बरोबर आत घेते. त्या दोन आठवड्यांत आईच्या पोटात मुद्दाम गेलेले सोडियम तेवढेच, आणि ते इतके सूक्ष्म की हिशेबातही धरू नये.

त्यानंतर आयसोलेशन खोली. खोलीला शिसे भरलेला दरवाजा, भिंतीत कॅमेरा, उशाशी इंटरकॉम, आणि टेबलावर पाण्याच्या सहा बाटल्या. पेशींनी न उचललेले आयोडीन लघवीवाटे लवकर निघून जावे, लाळेच्या ग्रंथी आणि मूत्राशय यांवरचा मारा कमी व्हावा, म्हणून भरपूर पाणी प्या असे सांगतात. सिस्टर इंटरकॉमवरून दर दोन तासांनी विचारत, “मावशी, बाटली संपली का?” आई आज्ञाधारक. संध्याकाळपर्यंत तीन लिटर आणि रात्री आणखी एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मळमळू लागले. गोळीमुळे होते तसे, असे उत्तर मिळाले आणि मळमळीचे औषध आत पाठवले गेले. दुपारी डोके दुखू लागले. संध्याकाळी मी इंटरकॉमवर बोलले तेव्हा तिचे शब्द एकमेकांत मिसळत होते. थायरॉक्सिन नाही, आवाज जड होणारच, असे मीच माझ्या भावाला समजावले. रात्री साडेआठ वाजता तिने मला तिच्या दिवंगत थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारली आणि विचारले, “ताई, माडीवरचे कपडे काढलेस का? पाऊस येतोय.” पेणच्या घराची ती माडी पाडून तीस वर्षे झाली होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती पलंगाच्या कडेला बसलेली दिसत होती आणि एका हाताने चादरीची किनार पुन्हा पुन्हा घडी घालत होती. मी ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांना अक्षरशः ओढत तिथे आणले. त्यांनी पडदा दोन मिनिटे पाहिला, फाइल चाळली, आणि विचारले, “यांचं सोडियम कधी केलं होतं?” शस्त्रक्रियेपूर्वी केले होते, १३७. रात्री साडेनऊला आलेला आकडा ११७ होता.

रक्तातील सोडियम १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असावे लागते. १२५ च्या खाली गंभीर मानतात. ते झपाट्याने घसरले की पाणी रक्तातून पेशींत शिरते आणि पेशी पाण्यात टाकलेल्या मनुकांसारख्या फुगतात. इतर अवयवांना फुगायला जागा असते, पण मेंदू कवटीत बंद असतो. म्हणून आधी मळमळ आणि डोकेदुखी, मग गोंधळ, मग झटके आणि बेशुद्धी. आई दुसऱ्या पायरीवर होती.

हे का झाले, हे नंतर त्या डॉक्टरांनी आणि मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी मला नीट समजावून सांगितले, आणि तेव्हापासून मी ते भेटेल त्याला सांगत असते. रक्तातील सोडियमचा आकडा हा प्रत्यक्षात मीठ आणि पाणी यांच्या प्रमाणाचा आकडा आहे. बहुतेक वेळा तो घसरतो तो पाणी साचल्यामुळे. निरोगी मूत्रपिंड दिवसाला दहा-बारा लिटर पाणीसुद्धा बाहेर टाकू शकते, मग आईला चार लिटर का झेपले नाही? पहिली अडचण आहाराची. मूत्रपिंडाला निव्वळ पाणी बाहेर टाकता येत नाही. लघवी कितीही पातळ झाली तरी प्रत्येक लिटरबरोबर काही क्षार आणि युरिया जावाच लागतो. क्षार मिठातून येतात आणि युरिया प्रथिनांतून. आईने पंधरा दिवस दोन्ही जवळजवळ बंद केले होते, त्यामुळे पाणी वाहून नेण्यासाठी जे लागते तेच शिल्लक नव्हते. पाश्चात्त्य देशांत नुसत्या चहा-टोस्टवर जगणाऱ्या एकट्या वृद्धांमध्ये हेच आढळते म्हणे. आपल्याकडे त्याला मऊभात आणि कोरा चहा म्हणता येईल.

दुसरी अडचण थायरॉइडची. संप्रेरक अगदी कमी झाले की हृदय मंदावते, मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त घटते आणि शरीर पाणी धरून ठेवणारे संप्रेरक सोडू लागते. डॉक्टरांचे म्हणणे असे की केवळ थायरॉइड कमी असल्याने सोडियम इतके घसरणे विरळ आहे, पण त्याला जोडीदार मिळाला की मग ते घसरते. जोडीदार आमच्या घरातच होता. आई सहा वर्षे रक्तदाबाची जी गोळी घेत होती तिच्या नावापुढे इंग्रजी ‘एच’ हे अक्षर होते. आम्ही कोणी त्या अक्षराचा अर्थ कधी विचारला नव्हता. तो होता हायड्रोक्लोरोथायझाइड, साडेबारा मिलिग्रॅम. लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारे हे औषध मूत्रपिंडाच्या नेमक्या त्या नलिकेत काम करते जिथे लघवी पातळ व्हायची असते. सोडियम बाहेर जाते आणि पाणी मागे राहते. एरवी ही गोळी आईला छान मानवली होती, कारण एरवी ती लोणच्याची फोड खात होती, रोज ताक पीत होती आणि तहान लागेल तेवढेच पाणी पीत होती. शेवटची गंमत मळमळीची. मळमळ हेच पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला चिथावणाऱ्या सर्वांत प्रबळ कारणांपैकी एक आहे. म्हणजे कॅप्सूलने मळमळ झाली, मळमळीने पाणी अडले, अडलेल्या पाण्याने सोडियम उतरले, आणि उतरलेल्या सोडियमने मळमळ वाढली. त्या चक्राला आम्ही दर दोन तासांनी एक बाटली घालत होतो.

हे काही आईचेच दुर्मीळ प्रकरण नाही. किरणोत्सारी आयोडीन घेणाऱ्या रुग्णांमधील सोडियमवर दक्षिण कोरियात अभ्यास झाले आहेत, आणि त्यांत धोका अधिक असलेले रुग्ण म्हणून साठीपुढच्या व्यक्ती, स्त्रिया, थायझाइड गटातील औषध घेणारे आणि मुळातच सोडियम काठावर असणारे असे पुढे आले आहे. आई यांतील पहिल्या तीन खणांत बसत होती. तरुण, इतर आजार नसलेल्या आणि बेताने पाणी पिणाऱ्या रुग्णांना सहसा काही होत नाही, हेही सांगायला हवे, नाहीतर हे वाचून कोणी उपचारच टाळायचे.

त्या रात्रीची खरी पंचाईत अशी होती की आईला दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या होत्या. आयोडीन धुऊन निघण्यासाठी पाणी हवे होते आणि सोडियमसाठी पाणी तोडायला हवे होते. शिवाय ती स्वतः त्या वेळी किरणोत्साराचा स्रोत होती. तिचे रक्त, लाळ, घाम, लघवी या सगळ्यांत आयोडीन होते. एरवी अशा रुग्णाशेजारी कोणीतरी रात्रभर बसते. इथे छातीवर किरणोत्सार मोजणारा टीएलडी बॅज लावलेल्या दोन सिस्टर आळीपाळीने आत जात, काम उरकून लगेच दाराशी येत, आणि बाहेर वेळेची नोंद होत असे. प्रत्येक रक्तनमुन्याच्या नळीवर वेगळी खूण करावी लागत होती. मला आत सोडले नाही, आणि ते योग्यच होते, परंतु काचेपलीकडच्या आईला आपण पाणी पिऊ नकोस असे इंटरकॉमवरून सांगतो आहोत, हा प्रसंग मी विसरणार नाही.

उपचार म्हणून तीव्र मिठाचे सलाइन, ३ टक्क्यांचे, थोडे थोडे देण्यात आले. मला वाटले होते की मीठ कमी आहे तर भराभर भरून काढतील. तसे करणे उलट घातक. सोडियम कमी झाल्यावर मेंदूच्या पेशी फुगू नयेत म्हणून आपल्याजवळचे काही क्षार सोडून देतात आणि त्या स्थितीशी जुळवून घेतात. मग बाहेरचे सोडियम एकदम वाढले तर त्या आक्रसतात आणि मज्जातंतूंवरचे आवरण निघून जाऊ शकते, ज्याने आलेला लुळेपणा कायमचाही असू शकतो. म्हणून चोवीस तासांत आठ ते दहापेक्षा अधिक वाढ होऊ द्यायची नाही, असा दंडक असतो. दर चार-सहा तासांनी आकडा येत होता आणि मी तो औषधांच्या बिलाच्या मागे लिहीत होते: ११७, ११९, १२१, १२४. तो कागद अजून माझ्याकडे आहे. १२१ वर असताना पहाटे आईने इंटरकॉमवर मला माझ्या नावाने हाक मारली आणि “इथला चहा अगदी पाणचट आहे गं” अशी तक्रार केली. एचची गोळी बंद झाली, पाणी दिवसाला लिटरभरावर आले, जेवणात शेंदेलोण आले. तिसऱ्या दिवशी थायरॉक्सिन सुरू झाले. पाचव्या दिवशी सोडियम १३२ झाले आणि किरणोत्सार मोजणाऱ्या सर्व्हे मीटरवरचा आकडाही सोडण्याइतका उतरला. आठवड्याने झालेल्या स्कॅनमध्ये आयोडीन फक्त मानेत, जिथे अपेक्षित होते तिथेच दिसले.

रुग्णालयाला मी एक पत्र लिहिले, रागाने नव्हे. कॅप्सूल देण्यापूर्वी सोडियमची चाचणी यादीत घाला, ही त्यातील पहिली मागणी. ती स्वस्त चाचणी आहे आणि कॅप्सूलच्या आधी केली तर उपायाला वेळ असतो, कारण एकदा रुग्ण किरणोत्सारी झाला की साधे रक्त काढणेही सोहळा होऊन बसते. वृद्ध रुग्णांची रक्तदाबाची गोळी आधी तपासा, आणि ‘भरपूर पाणी’ऐवजी किती, ते आकड्यात सांगा, असेही लिहिले. कागदावरच्या भाषेविषयी तर मी अर्धे पान खर्च केले. ‘आयोडीनयुक्त मीठ टाळावे’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे आणि तरी ते पुरेसे नाही. त्याच्या लगेच पुढे ‘आयोडीन नसलेले मीठ नेहमीच्या प्रमाणात खावे’ असे दुसरे वाक्य हवे. माझ्या मते त्या दुसऱ्या वाक्याने आईची ती रात्र वाचली असती, निदान बरीच सौम्य झाली असती. पत्राचे उत्तर आले नाही, पण यंदा आम्ही गेलो तेव्हा कागद नवा होता आणि ते वाक्य त्यात होते.

यंदाची भेट तपासणीच्या स्कॅनची होती. त्यासाठी थायरॉक्सिन पुन्हा चार आठवडे बंद करावे लागले आणि आहारही तोच. फरक एवढाच की रक्तदाबासाठी आता अॅमलोडिपिन आहे, सोडियम आधी दोनदा तपासले गेले, १३८ आणि १३६, आणि पाणी तहानेपुरते. ओट्यावर काचेच्या दोन बरण्या होत्या. एकीवर आईने शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात ‘नेहमीचे’ आणि दुसरीवर ‘माझे’ अशी चिठ्ठी डकवली होती. पहिल्या दिवशी तिने वरणाची वाटी पुढे ओढली, त्यावर शेंदेलोणाची चिमूट टाकली, चव घेतली आणि म्हणाली, “कमी आहे गं. आण इकडे ती बरणी.”